कवीचा शाप खरा, वाटेवरची सराय खोटी

२०२३ साली गूगलने आपल्या बोलक्या कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘बार्ड’ असे नाव दिले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ते बदलून ‘जेमिनी’ केले. मधल्या काळात बऱ्याच मराठी वाचकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. त्यांच्या घरातल्या मुलांना मात्र तो आधीपासून ठाऊक होता, कारण संगणकावरच्या साहसी खेळांत योद्धा, जादूगार आणि चोर यांच्या बरोबरीने ‘बार्ड’ हे पात्रही निवडता येते. या पात्राचा साचा ठरलेला आहे. पाठीवर तंतुवाद्य, अंगावर मळका झगा आणि खिशात दमडी नाही, असा हा भटका गायक संध्याकाळी एखाद्या सरायीत शिरतो, दोन गाणी म्हणून जेवण मिळवतो आणि मध्यरात्री जंगलातल्या पिशाच्चाला गाण्याने गुंगवून पुढच्या गावाला लागतो. इंग्रजीत अशा कथा-कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग आहे आणि त्यांपैकी कित्येक कथा इसवी सन ५०० ते १००० या काळातल्या आयर्लंड, वेल्स, इंग्लंड किंवा स्कँडिनेव्हियात घडतात.

अशी कथा वाचताना आपण मनातल्या मनात वाटणी करतो. सराय, वाद्य, पायपीट आणि फाटका खिसा हा इतिहास, आणि शाप, मंत्र, बोलणारी मांजरे ही लेखकाची कल्पना. मूळ साधने चाळू लागल्यावर मात्र ही वाटणी बरीचशी उलटी निघते. कवीच्या शापाचा उल्लेख त्या काळच्या कायद्याच्या पोथ्यांमध्ये नुकसानभरपाईच्या तपशिलासह सापडतो. वाटेवरची सराय आणि तिच्यात गाणारा एकटा गायक यांचा पत्ता मात्र सहजासहजी लागत नाही. हे असे का, ते पाहण्यापूर्वी चार शब्दांचा उलगडा करून घेऊ.

आधी शब्द

पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य ५ व्या शतकात कोसळले, तेव्हापासून साधारण इ. स. १००० पर्यंतच्या काळाला युरोपच्या इतिहासात ‘प्रारंभिक मध्ययुग’ म्हणतात. आपल्याकडे ८ व्या शतकात वेरूळचे कैलास लेणे कोरले जात होते, तेव्हा तिकडे हे युग अर्ध्यावर आले होते. ‘ऐतिहासिक अद्भुतकथा’ म्हणजे अशी कथा, जिच्यातला काळ, राजे आणि गावे इतिहासातली असतात, पण जादू मात्र त्या जगात खरोखरच चालते.

‘बार्ड’ हा शब्द केल्टिक भाषांतला आहे. वेल्समध्ये तो कवीचे मानाचे नाव होता. आयर्लंडमध्ये मात्र कवींची उतरंड होती. तिच्यात वरचे स्थान ‘फिली’चे होते आणि बार्ड त्याच्या बराच खाली बसत असे. आपल्याकडे गुरुकडे बसून शिकलेला गवई आणि निव्वळ उपजत गळ्यावर गाणारा माणूस यांच्यात जसा फरक केला जातो, तसाच हा फरक आहे. आयरिश कायद्याच्या दृष्टीने बार्ड म्हणजे रीतसर अध्ययनाशिवाय स्वतःच्या बुद्धीवर काव्य करणारा माणूस. (गूगलच्या यंत्राचे नेमके उलटे होते, त्याच्याकडे होते ते सारे पाठांतरच, पण नाव ठेवणाऱ्यांनी आयरिश कायदा वाचला नसावा.) इंग्लंडातल्या राजकवीला ‘स्कॉप’ आणि नॉर्वे-आइसलंडमधल्या कवीला ‘स्काल्ड’ म्हणत. या लेखात या सगळ्यांसाठी ‘कवी’ असाच शब्द वापरला आहे.

फिरणे हाच विशेषाधिकार होता

आज कोणीही उठून पुण्याहून नागपूरला जाऊ शकतो, त्यामुळे ‘भटकणे’ ही गरिबाची किंवा कलंदराची गोष्ट वाटते. प्रारंभिक मध्ययुगातल्या आयर्लंडमध्ये परिस्थिती वेगळी होती. त्या बेटावर एका वेळी दीडशेच्या आसपास छोटी छोटी राज्ये होती, असा अंदाज केला जातो. सामान्य माणसाचे कायदेशीर हक्क स्वतःच्या राज्याच्या सीमेपर्यंतच चालत आणि सीमा ओलांडली की त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नसे. शिकलेला कवी या नियमाला अपवाद होता, कारण त्याची प्रतिष्ठा प्रत्येक राज्यात मान्य केली जाई. ज्या काळात बहुतेकांना तालुक्याबाहेर ओळख नव्हती, त्या काळात कवीच्या हातात देशभर चालणारे ओळखपत्र होते, असे म्हणता येईल.

इंग्लंडातला प्रवास तर जिवावरचा होता. दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याच्या इने राजाच्या ७ व्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात असे कलम आहे की, परका माणूस वाट सोडून रानातून चालला असेल आणि हाक मारत नसेल किंवा शिंग फुंकत नसेल, तर त्याला चोर समजावे; मग त्याला ठार मारले तरी चालेल किंवा पैसे घेऊन सोडले तरी चालेल. नायकाला जंगलातून गुपचूप चालायला लावणाऱ्या आजच्या लेखकांनी या कलमाचा उपयोग का केला नाही, हे मला पडलेले कोडे आहे. वाट चुकलेला कवी घसा कोरडा पडेपर्यंत ओरडत चालला आहे, याहून चांगला प्रारंभ कोणत्या साहसकथेला मिळेल?

मग हा प्रवासी रात्री उतरायचा कुठे? पैसे घेऊन खोली आणि जेवण देणारी सराय आयर्लंडच्या कथांमध्ये जवळपास दिसतच नाही, कारण १० व्या शतकाच्या अगदी अखेरीपर्यंत तिथे नाणी पाडली जात नव्हती आणि किंमत गाईंमध्ये मोजली जात होती. तिची जागा ‘ब्रिउगु’ नावाच्या श्रीमंत गृहस्थाने घेतलेली होती. वाटेवर घर बांधायचे, कढई सतत चुलीवर ठेवायची आणि येईल त्याला जेवू घालायचे, हे त्याचे व्रतच असे, आणि त्याच्या बदल्यात कायद्याने त्याला मोठी प्रतिष्ठा मिळे. अन्नछत्र चालवणारा एखादा धनिक डोळ्यांसमोर आणला की हे पुरेसे कळते. आजच्या कादंबऱ्यांतल्या सरायीत बटाट्याचा रस्साही वाढला जातो, ही त्यावरची कडी झाली. बटाटा युरोपात १६ व्या शतकात पोहोचला, म्हणजे त्या कथेच्या काळाच्या मानाने तो आपल्या बटाटेवड्याइतकाच परका आहे.

‘पण भटका कवी जुन्या काव्यातही आहे ना?’

आहे, आणि ही हरकत रास्त आहे. १० व्या शतकात लिहिली गेलेली आणि आजही इंग्लंडातल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये जपलेली एक पोथी आहे. तिच्यातल्या १४३ ओळींच्या एका कवितेत ‘विडसिथ’ नावाचा कवी बोलतो. विडसिथ या नावाचाच अर्थ ‘दूरवर फिरलेला’ असा होतो. तो आपले ‘शब्दभांडार’ उघडतो आणि आपण कोणकोणत्या राजांच्या दरबारी गेलो, त्याची यादी सुरू करतो. गॉथ या जर्मानिक टोळ्यांचा राजा एओर्मनरिक याने आपल्याला सोन्याचे वजनदार कडे दिले, आपण ते घरी परतल्यावर स्वतःच्या राजाला अर्पण केले, कारण त्याने आपल्याला वडिलोपार्जित जमीन परत दिली होती, आणि मग राणी एआल्हहिल्डने आपल्याला दुसरे कडे दिले, असे तो सांगतो. इटलीतल्या लोम्बार्ड राजा अल्बोइनच्या औदार्याचेही तो वर्णन करतो.

मेख अशी आहे की एओर्मनरिक ४ थ्या शतकात वारला आणि अल्बोइनचा खून ५७२ साली झाला. मधे जवळजवळ दोनशे वर्षे गेली, आणि एकच माणूस दोघांकडून बक्षिसे घेतो. म्हणजे विडसिथ हा प्रत्यक्ष प्रवासी नसून कवीच्या पोतडीत कोणकोणत्या राजांच्या कथा असायला हव्यात, त्याची ती चालती-बोलती अनुक्रमणिका आहे. त्याच यादीत इजिप्तच्या लोकांबरोबर ज्यांचे नाव येते, ते भाषांतरकारांच्या मते भारतीय आहेत! अभ्यासक तो भाग नंतर घुसडलेला मानतात, तरीही एका इंग्रज कवीने हजार वर्षांपूर्वी ‘मी हिंदुस्थानात जाऊन आलो’ अशी थाप मारली, याची मराठी वाचकाला गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. थापेत एक खरी गोष्ट मात्र दडलेली आहे. बिदागी, ती देणाऱ्याचे नाव आणि तिचे सोन्यातले मोल या तिन्ही गोष्टी गाण्यातच गुंफायच्या, म्हणजे पुढचा यजमान त्याहून कमी देणार नाही. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाने मिळालेल्या घोड्याची आणि शेरभर सोन्याच्या तोड्याची नोंद आपल्या पोवाड्यातच केली आहे, तीही याच व्यवसायाची रीत होती.

पाहुणा एकटा येत नसे

आयरिश फिलींच्या सात पायऱ्या होत्या आणि सर्वांत वरच्या पायरीवरच्या कवीला ‘ओलाव्ह’ म्हणत. त्याला साडेतीनशे कथा मुखोद्गत असायला हव्यात, असा दंडक होता. नंतरच्या ग्रंथांत या शिक्षणाचा काळ बारा वर्षांचा सांगितला आहे. ओलाव्ह दौऱ्यावर निघाला की त्याच्याबरोबर चोवीस माणसांचा लवाजमा असे आणि त्या सगळ्यांची खातिरदारी यजमानाच्या गळ्यात पडे. कायद्याने या कवीची पत छोट्या राज्याच्या राजाइतकी धरलेली होती. तेव्हा खिशात दमडी नसलेला एकटा गायक विसरून जावे, आणि लग्नाचे वऱ्हाड घेऊन येणारा, रुसव्या-फुगव्यांसकट येणारा व्याही डोळ्यांसमोर आणावा.

या वऱ्हाडाचा जाच राजांना किती होत असेल, याची कल्पना एका जुन्या आयरिश कथेवरून येते. तिच्या नावाचा अर्थच ‘जड झालेली मंडळी’ असा काहीसा आहे. कथा घडते ७ व्या शतकात, पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनाक्टचा दानशूर राजा ग्वायरे याच्या घरी. लिहिली गेली मात्र त्यानंतर काही शतकांनी. सेनखान नावाचा मुख्य कवी दीडशे कवी आणि दीडशे शिष्य घेऊन ग्वायरेकडे मुक्कामाला येतो. मंडळींचे हट्ट सुरू होतात. कोणाला ऐन हिवाळ्यात पिकलेल्या ब्लॅकबेरी हव्या असतात, कोणाला नाताळात गाणारा कक्कू पक्षी हवा असतो, आणि राजा नाही म्हणू शकत नाही, कारण नाही म्हटले तर निंदेची कविता होईल. पुढे सेनखानसाठी राखलेले अन्न उंदीर खातात. तो संतापून उंदरांवर कविता रचतो आणि उंदीर जागच्या जागी मरून पडतात. मग त्याला वाटते की खरा दोष मांजरांचा आहे, म्हणून तो मांजरांच्या राजाची निंदा करतो. तो प्रचंड बोका, इरुसान, चवताळून येतो आणि कवीला पाठीवर टाकून पळत सुटतो. क्लॉनमॅक्नॉइसच्या मठात संत किअरान लोखंड तापवत असतात. ते तापलेली कांब फेकून बोक्याला मारतात. सुटका झालेला सेनखान काय म्हणत असेल? तो संतावरच भडकतो. आपल्याला बोक्याने खाल्ले असते तर पाहुण्याच्या मरणाचा दोष ग्वायरेला लागला असता, आणि ती संधी या संताने घालवली, असे त्याचे म्हणणे!

कथा इथे थांबत नाही. राजाचा भाऊ मार्बान, जो डुकरे राखत असतो, तो कवींना एक साधा प्रश्न विचारून अडवतो. आयर्लंडची सर्वांत मोठी युद्धकथा, कुऐल्न्येच्या बैलाच्या पळवापळवीची कथा, पूर्ण म्हणून दाखवा. एवढ्या मोठ्या मंडळींत ती कोणालाच पूर्ण येत नाही. मग तो त्यांना बंधन घालतो की ती कथा मिळेपर्यंत एका घरात दोन रात्री राहायचे नाही. अखेर त्या कथेतल्या फर्गुस या योद्ध्याला थडग्यातून उठवून त्याच्याच तोंडून ती ऐकावी लागते.

खरा राजा, खरा मठ, खरा संत, कायद्यातून उचललेला लवाजम्याचा प्रश्न, आणि त्यात बोलणारा बोका व उठलेले प्रेत. आपण ज्याला आज ऐतिहासिक अद्भुतकथा म्हणतो, ती मध्ययुगातल्या आयरिश लेखकांनी स्वतःच, भटक्या कवीलाच नायक करून, लिहून ठेवली आहे. तिच्यातले भटकणे हे स्वातंत्र्याचे लक्षण नसून आळशी विद्वानांना दिलेली शिक्षा आहे, एवढा एकच तपशील आजच्या कादंबऱ्यांनी हरवला.

शाप म्हणजे नक्की काय?

आता मूळ मुद्दा. त्या काळच्या आयर्लंडमध्ये प्रत्येक स्वतंत्र माणसाच्या अब्रूची किंमत ठरलेली होती आणि ती त्याच्या दर्जानुसार कमी-जास्त होई. त्या किमतीइतक्याच रकमेचा करार तो स्वतःच्या बळावर करू शके आणि अपमान झाल्यास तेवढीच भरपाई त्याला मिळे. बँकेच्या कर्जासाठी आज आपला ‘सिबिल’ आकडा जसा पाहिला जातो, तशी ही अब्रूची किंमत पाहिली जाई, फरक एवढाच की ती सगळ्या गावाला तोंडपाठ असे. कवीने रचलेली निंदा त्या आकड्यावरच घाव घाली. आपल्यावर झालेली निंदा जो राजा मुकाट्याने सोसतो, त्याची अब्रूची किंमत जाते, असे कायदा सांगतो.

म्हणूनच निंदेवर बारकाईने नियम होते. विनाकारण निंदा करणे हा गुन्हा होता आणि त्यात कोणाच्या रूपाची टर उडवणे, शारीरिक व्यंग चव्हाट्यावर आणणे, चिकटून राहील असे टोपणनाव ठेवणे आणि मेलेल्या माणसावर निंदाकाव्य करणे हे सगळे मोडत असे. त्या माणसाच्या दर्जाप्रमाणे भरपाई द्यावी लागे. (टोपणनावाचे कलम आपल्या शाळांना लावले असते तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.) उलट बाजूने, निंदा हे वसुलीचे कायदेशीर साधनही होते. परक्या राज्यातला माणूस देणे बुडवत असेल तर तिथे शिपाई पाठवता येत नसत. कवी मात्र जाऊ शकत असे. तो आधी रीतसर सूचना देई, मग स्तुती आणि निंदा यांचे मिश्रण असलेली इशाऱ्याची कविता म्हणे, आणि तरीही ऐकले नाही तर खरी निंदा सोडे. शाप देणारा कवी हा अशा रीतीने वकिलाच्या नोटिशीचा पूर्वज ठरतो.

या निंदेने तोंडावर फोड उठतात, अशी समजूत होती. शब्दकोशवजा एका जुन्या आयरिश ग्रंथात नेदे नावाच्या कवीने कॉनाक्टच्या कायेर राजाची, स्वतःच्या काकाची, अन्यायाने निंदा केल्याची आणि दुसऱ्या दिवशी कायेरच्या चेहऱ्यावर फोड उठल्याची कथा आहे. शरीराला डाग असलेला माणूस राजा राहू शकत नसे, म्हणून कायेर पळून गेला आणि नेदे गादीवर बसला. आयर्लंडमधली पहिली निंदा ब्रेस या पुराणातल्या राजाच्या वाट्याला आली, असे मानतात. कैर्ब्रे या कवीला त्याने शेकोटी, अंथरूण काहीच नसलेल्या अंधाऱ्या खोलीत उतरवले आणि लहानशा थाळीत तीन कोरड्या भाकऱ्या दिल्या. सकाळी कैर्ब्रेने चार ओळी म्हटल्या आणि त्या क्षणापासून ब्रेसच्या राज्याला उतरती कळा लागली.

‘ही तर निव्वळ अंधश्रद्धा झाली,’ असे कोणी म्हणेल. फोडांपुरते ते मान्य करू. पण राजाची भीती निराधार नव्हती. जिथे लिहिणारे मोजके आणि वर्तमानपत्र नाही, तिथे राजा कसा होता हे पुढच्या पिढीला कवीच सांगणार. आज इंटरनेटवरच्या अभिप्रायात खाणावळीला मिळालेला एकच तारा मालकाची झोप उडवतो. इथे तर तो तारा छंदात बांधून सगळ्या बेटावर पाठ केला जाणार होता. लज्जेने चेहरा लाल होणे आणि चेहऱ्यावर फोड उठणे यांत त्या काळच्या कथाकाराला फारसे अंतर वाटले नाही, एवढेच.

कवींनी ही सत्ता अती वापरली, अशीही परंपरा आहे. ६ व्या शतकाच्या अखेरीस द्रुम केत येथे भरलेल्या सभेत कवींना देशातून घालवून द्यावे असा विषय निघाला आणि संत कोलम किले यांनी मध्यस्थी करून, त्यांची संख्या व हक्क आवरून, त्यांना वाचवले, असे नंतरचे ग्रंथ सांगतात.

एवढे पाठ कसे राहत असे?

याचे उत्तर अभ्यासकांना १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात मिळाले. मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी तिथल्या निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. अवदो मेजेदोविच या गायकाने सांगितलेली एक वीरकथा बारा हजारांहून अधिक ओळींची भरली. गायक शब्दन् शब्द पाठ करत नव्हते. वृत्तात चपखल बसणाऱ्या ठरीव शब्दसमूहांचा साठा त्यांच्याजवळ असे आणि त्यातून ते प्रत्येक वेळी कथा नव्याने विणत. कलगी-तुऱ्यात उभ्या-उभ्या जवाब रचणारा शाहीर हेच करतो. जुन्या इंग्रजीतल्या ३,१८२ ओळींच्या ‘बेओवुल्फ’ काव्यात समुद्राला ‘देवमाशाची वाट’ असे म्हटले आहे, तो असाच जोडशब्द. आणि त्याच काव्यात राजाचा एक सरदार घोड्यावरून परतता परतता आदल्या रात्रीच्या पराक्रमावर गाणे रचतो, तो या कलेचा चालू नमुना. सर्वच कवींना हे साधत असे असेही नाही. बीड या भिक्षूने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात व्हिटबीच्या मठातला गुराखी कॅडमन भेटतो. मेजवानीत वाद्य हातोहात फिरत आपल्याकडे येऊ लागले की तो गाता येत नाही म्हणून उठून गोठ्यात जात असे.

वाद्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर गोल पोटाचे ‘ल्यूट’ विसरावे. ते अरबांच्या ‘ऊद’पासून बरेच नंतर आले. १९३९ मध्ये सफकमधल्या सटन हू येथे ७ व्या शतकाच्या प्रारंभीचे जहाजासह पुरलेले दफन उघडले, त्यात लाकडी वाद्याचे तुकडे मिळाले. संशोधकांनी आधी त्यांची छोटी हार्प जुळवली. पुढे १९७० च्या सुमारास ध्यानात आले की हे सहा तारांचे, सपाट, लांबट ‘लायर’ आहे. ते बीव्हरच्या कातड्याच्या पिशवीत ठेवलेले होते.

‘स्त्री बार्ड हे आजच्या लेखकांचे खूळ आहे का?’

हा आक्षेप वारंवार ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. आयरिश वार्षिक नोंदींत ९३४ साली ‘आयर्लंडची स्त्रीकवी’ उअल्लख हिच्या मृत्यूची नोंद आहे. लिअदन नावाच्या कवयित्रीची ९ व्या शतकातली कथा तर दौऱ्यातच सुरू होते. ती कॉनाक्टमध्ये दौऱ्यावर असताना कुरिथिर हा कवी तिला मागणी घालतो. ती दौरा अर्धवट सोडायला नकार देते, नंतर ये म्हणते, आणि तो येईपर्यंत तिने संन्यास घेतलेला असतो. ‘आधी काम, मग लग्न’ असे सांगणारी ही बाई हजार-अकराशे वर्षांपूर्वीची आहे.

एका कवीची दंतकथा कशी होते

टॅलिएसिन हे वेल्सचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ९ व्या शतकात लिहिलेल्या लॅटिन इतिहासात ६ व्या शतकातल्या काही कवींची नावे येतात, त्यांत टॅलिएसिन आहे. त्याच्या नावावरच्या काही कविता उत्तर ब्रिटनमधल्या रेगेड राज्याच्या उरियेन राजाची स्तुती करतात. त्या ज्या पोथीत मिळतात ती १४ व्या शतकातली आहे. पुढे १६ व्या शतकात लिहिल्या गेलेल्या कथेत हा दरबारी कवी पार बदलून जातो. केरिडवेन ही जादूगारीण वर्ष आणि एक दिवस कढई ढवळायला ग्विऑन नावाच्या पोराला बसवते. उडालेले तीन थेंब तो बोटावरून चाटतो आणि सर्वज्ञ होतो. ती पाठलाग करते. तो ससा होतो तर ती शिकारी कुत्री, तो मासा तर ती पाणमांजर, तो पाखरू तर ती ससाणा, आणि शेवटी तो धान्याचा दाणा होतो तेव्हा ती कोंबडी होऊन त्याला टिपते. तो तिच्याच पोटी पुन्हा जन्म घेतो, पिशवीत घालून पाण्यात सोडला जातो आणि एल्फिन नावाच्या राजपुत्राला मासे धरण्याच्या बांधावर सापडतो. मोठा झाल्यावर तो माएल्ग्वन राजाच्या दरबारात जातो, तिथल्या भाटांच्या तोंडून ‘ब्लेर्म ब्लेर्म’ याशिवाय शब्द फुटेनासा करतो आणि कैदेतल्या एल्फिनला सोडवतो.

यातला माएल्ग्वन खरा होता आणि त्याचे भाटही खरे होते. त्याच्याच काळातल्या गिल्डास या धर्मपंडिताने आपल्या ग्रंथात या राजाला झोडपले आहे. देवाची स्तुती ऐकायची सोडून तू स्वतःचीच पोकळ स्तुती ऐकतोस, आणि ती करणाऱ्यांची तोंडे खोट्याने भरलेली असून जवळ उभ्या असलेल्यांवर त्यांची थुंकी उडते, असे तो लिहितो. थुंकी उडवणारे स्तुतिपाठक हजार वर्षांनी बोबडे पडलेले भाट झाले. जादू अशी कुठून तरी उगवत असते.

‘कल्पितच लिहायचे, तर अचूकतेचा आग्रह कशाला?’

कारण त्या काळच्या जादूला नियम होते आणि कथेची सगळी गंमत त्या नियमांतून येते. १३ व्या शतकात लिहिलेल्या आइसलंडी सागामध्ये, म्हणजे गद्य वीरकथेत, एगिल स्काल्लाग्रिम्सन हा स्काल्ड वादळात सापडून ‘रक्तकुऱ्हाड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एरिक राजाच्या यॉर्कमध्ये येऊन पडतो. एरिक त्याचा हाडवैरी आहे. सुटकेचा एकच मार्ग उरतो. रातोरात राजाच्या स्तुतीचे वीस कडव्यांचे काव्य रचायचे. खिडकीत बसलेली एक पाकोळी रात्रभर चिवचिवाट करून त्याचे लक्ष उडवते, आणि ती पाकोळी म्हणजे रूप बदललेली कोणी चेटकीण असल्याचे त्याच्या मित्राला कळते. मित्र तिला हुसकावून तिथेच पहारा देतो. सकाळी एगिल काव्य म्हणतो आणि बिदागी म्हणून त्याला स्वतःचेच डोके परत मिळते. इथे राजाला मारण्यासाठी मंत्र किंवा तलवार कामाची नाही, कारण कवीच्या हातात स्तुती हे एकच चलन आहे आणि ते राजालाही नाकारता येत नाही. हा नियम काढून टाकला आणि एगिलच्या हाती आग ओकणारे गाणे दिले, तर उरते ती संगणकावरची लढाई.

याच कारणाने आजच्या कादंबऱ्यांत मला फसलेली वाटते ती जादू नव्हे, तर स्वस्तात मिळणारे आदरातिथ्य. कवीला जेवण कोण देतो, का देतो आणि कमी दिले तर काय होते, हे जिला ठाऊक आहे त्या कथेतला बोलणारा बोकाही पटतो.

विडसिथची कविता ज्या पोथीत आहे, तिच्यातच डेओर नावाच्या कवीच्या ४२ ओळी आहेत. आपण एका राजाचे लाडके कवी होतो, पुष्कळ वर्षे चांगली नोकरी होती. मग हेओरेंडा नावाचा अधिक कुशल गायक आला आणि राजाने आपली जमीन काढून त्याला दिली, असे तो सांगतो. जुन्या कथांतली एकेक आपत्ती आठवून तो प्रत्येक वेळी म्हणतो की ती सरली, तसे हेही सरेल. त्या पोथीची पहिली पाने नंतरच्या कोणी सुरीखाली पाट म्हणून वापरली; त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत आणि पेल्याचा गोल डागही आहे. डेओर दुसऱ्या दिवशी सकाळी वाद्य पिशवीत घालून कोणत्या वाटेने निघाला आणि शिंग फुंकत निघाला की नाही, हे कविता सांगत नाही.